लॉरीचा खोकला, मामांचा खोकला

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. हसाल तुम्ही, मला माहीत आहे, पण निदान शेवटपर्यंत दम धरा. कारण ज्या दुपारची ही गोष्ट आहे, त्या दुपारी मी सायकलवर बसल्या बसल्या स्वतःवर खटला चालवला, स्वतःलाच दोषी ठरवलं आणि फाशीसुद्धा सुनावून मोकळा झालो होतो. खून कुणाचा? सख्ख्या सासऱ्याचा!

पन्नास सालानंतरची चार-सहा वर्षं धरा. मुंबई-पुणे रस्त्याला चिंचवडजवळ आमच्या शेठचं लॉऱ्यांचं गॅरेज होतं. पिंपरीकडे नुकता एखाद-दुसरा कारखाना उभा राहत होता, बाकी जिकडे बघाल तिकडे ज्वारी आणि बाजरी. मी मॅट्रिक झालेला, म्हणून शेठनी मला स्टोअरकीपर केलं होतं. काळेवाडीत एका शेतकऱ्याच्या घरात दोन खोल्या घेऊन राहायचो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको सुमन, माहेर मोशीचं. घरची शेती, म्हशी आणि घरात सगळ्यांच्या वरचढ तिचे वडील.

त्यांना मी मामा म्हणायचो. मामा उंचेपुरे, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोजकं. जावई म्हणून माझा मान ठेवायचे, पण माझ्याकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर एक असा भाव असायचा की हा नग आपल्याच पोरीच्या नशिबी कसा आला. तोंडानं कधी बोलले नाहीत हो. न बोलताच सगळं कळायचं.

आता गॅरेजकडे या. शेठच्या लॉऱ्या म्हणजे मिलिटरीच्या लिलावातला जुना माल. पेट्रोलवर चालायच्या आणि खंडाळ्याचा घाट लागला की इंजिन आतून ठोकायला लागायचं. ठक ठक ठक! ड्रायव्हर म्हणायचे, गाडीला खोकला झालाय. त्यावर शेठनी मुंबईहून बेंझॉल आणायला सुरुवात केली. पाण्यासारखं स्वच्छ, वासाला गोडसर. पेट्रोलमध्ये मिसळलं की खोकला कमी होतो म्हणे. शेठ तर टाकीभर पेट्रोलमध्ये बाटलीभरच घालू द्यायचे. एवढ्याशानं काय होत असेल असं आज कुणी विचारलं तर मला उत्तर येत नाही, पण ड्रायव्हरांची श्रद्धा बसली होती. बेंझॉल हा शब्द कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून आमचे गणपत मिस्त्री त्याला खोकल्याचं औषध म्हणायला लागले. बघता बघता सगळं गॅरेज म्हणायला लागलं. शेठसुद्धा. मीसुद्धा.

पण त्या औषधाचे गुण मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी बजावून सांगितले होते. नळी तोंडानं ओढायची नाही. हाताचं ग्रीस त्यानं धुवायचं नाही. खोली बंद ठेवून हुंगत बसायचं नाही. त्याची वाफ जड, ती जमिनीवरून सरपटत जाते आणि लांबची चूल शोधून काढते. आणि पोटात गेलं तर? आधी नशा चढल्यासारखं होतं, माणूस म्हणतो मला काही झालेलं नाही, मग झटके येतात आणि मग आटोपलंच. उलटी करवायची नाही, कारण वर येताना छातीत उतरलं तर आणखी वाईट. तडक डॉक्टरकडे न्यायचं.

हे ऐकल्यापासून मी त्या खोलीचा राजा झालो. दारावर खडूनं मोठ्ठी सूचना लिहिली. ड्रायव्हरांच्या कानावरच्या विड्या काढून घ्यायचो. एकदा खुद्द शेठना सिगारेट विझवायला लावली होती. मी म्हणजे सुरक्षेचा पुतळा! लोक मला बघून रस्ता बदलायचे, आणि मला त्याचा अभिमान होता.

फक्त एक बारीकशी गोष्ट. बेंझॉल मापायला माप नव्हतं. त्या काळी दवाखान्यात जाताना बाटली घरून न्यावी लागे. कंपाउंडर तीत मिक्श्चर भरून द्यायचा आणि बाहेरून कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. तसली एक रिकामी बाटली घरी पडली होती. मला वाटलं, काय सुंदर माप आहे! खाचासुद्धा आयत्या! नेली गॅरेजात.

औषधाच्या बाटलीत बेंझॉल. मॅट्रिक झालेल्या माणसानं. मिस्त्रींनी बघितलं असतं तर तिथंच माझ्या डोक्यात पाना घातला असता, पण ते त्या आठवड्यात गावी गेले होते.

तेव्हा मामांना खरोखरीचा खोकला झाला होता. दोन-अडीच महिने जाईना. चिंचवडच्या डॉक्टरांचं मिक्श्चर मी दर आठवड्याला नेऊन भरायचो आणि आमची जी लॉरी चाकणला कांदे-बटाटे भरायला जायची, तिच्या ड्रायव्हरबरोबर वाटेत मोशीला पोचतं करायचो. जावयाचं कर्तव्य! मधल्या काळात वडिलांची शुश्रूषा करायला सुमनही माहेरी गेली होती.

त्या दिवशी सकाळी मी मिक्श्चर भरून आणलं आणि टेबलावर ठेवलं. मग एका गाडीसाठी बेंझॉल मापून घेतलं, तेवढ्यात त्या गाडीचा ड्रायव्हर नको म्हणाला, म्हणून तीही बाटली टेबलावरच ठेवली. बूच लावून, नीट, काळजीपूर्वक. तुम्ही आता डोक्याला हात लावलात ना? लावा, लावा.

मी आत डबे लावत होतो. चाकणच्या लॉरीचा ड्रायव्हर सखाराम बाहेरून ओरडला, काही न्यायचंय का? मी आतूनच सांगितलं, “टेबलावर खोकल्याचं औषध आहे, मोशीत मामांकडे दे.” सखाराम बरं म्हणाला, लॉरी गुरगुरली आणि गेली.

बऱ्याच वेळानं मी हात पुसत टेबलाशी आलो. टेबलावर गुलाबी मिक्श्चर होतं.

गुलाबी!

मी टेबलाखाली बघितलं. खिडकीत बघितलं. खुर्चीवर बघितलं. बेंझॉलची बाटली कुठेच नव्हती. सखारामची तरी काय चूक? आमच्या गॅरेजात खोकल्याचं औषध म्हटलं की कुठली बाटली उचलायची, हे त्याला मीच शिकवलं होतं. मामांचा डोस जेवणानंतरचा असायचा, आणि जेवणाची वेळ तर होतच आली होती.

शेठना न सांगता सायकल काढली. सडकेनं भोसरीवरून वळसा पडला असता, म्हणून चिखलीवरून गाडीवाटेनं निघालो. वाट कसली, बैलगाडीच्या चाकोऱ्या नि मध्ये खडी. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी येत होती. दोनदा पडलो. गुडघा फुटला, धोतर फाटलं, चेन उतरली. चढवली तर ती बसेना. मी रडत होतो, खोटं कशाला सांगू. मनात सारखं एकच चाललेलं, देवा, आज मामांना जेवायला उशीर होऊ दे. आज भाकरी करपू दे. आज सासूबाई रुसू देत.

मोशीत शिरलो तेव्हा दारापुढल्या लिंबाखाली मामा बाजेवर बसले होते. समोर गावचे पोलीस पाटील. मामांचं जेवण झालेलं दिसत होतं, कारण ते अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी सायकल तशीच टाकून घरात घुसलो. स्वैपाकघरात सासूबाई, म्हणजे आमच्या मामी, भाकऱ्या थापत होत्या. चूल धडाडलेली. आणि चुलीच्या वरच्या कोनाड्यात ती बाटली! बूच सैल केलेलं. आणि पहिल्या खाचेइतकं औषध कमी झालेलं.

मी पाण्याची कळशी उचलली आणि सगळीच्या सगळी चुलीवर ओतली. फस्स! राख, धूर, वाफ, तव्यावरची भाकरी राखेत, मामी काळ्याठिक्कर. त्या बिचाऱ्या काही बोलायच्या आत मी बाटली उचलली, बूच घट्ट केलं आणि परसात लांब उन्हाआड नेऊन ठेवली. परत आलो तर सुमन दारात उभी.

“हे कुणी काढून ठेवलं? बूच कुणी सैल केलं?”

ती म्हणाली, आज औषधाला वास फार होता, रंगही निराळा, तिला वाटलं डॉक्टरांनी बदलून जहाल दिलं असेल. वास उडावा म्हणून बूच सैल करून वर ठेवलं. मी विचारलं, आणि डोस? ती म्हणाली, “मीच दिला की मघाशी, वाटीत ओतून.”

मी तिला बाजूला सारून लिंबाखाली धावलो.

आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. तेव्हा दारूबंदी होती. बाटली हा शब्द चारचौघांत मोठ्यानं काढायची सोय नव्हती. आणि मी कुठं काढला? पोलीस पाटलांसमोर. कुणाच्या बाबतीत? माळ घातलेल्या माणसाच्या.

“मामा, खरं सांगा, घेतलंत का?”

“काय घ्येतलं?” मामांनी अडकित्ता थांबवला.

“बाटलीतलं! किती घेतलंत?”

पाटील जरा सावरून बसले. मला हळूच म्हणाले, पावनं, आवाज बारीक करा. मी कशाचा बारीक करतोय! मी सरळ बाजेवर गुडघा टेकला, मामांची हनुवटी धरली आणि त्यांचं तोंड हुंगलं. सुपारीचा वास आला. पण बेंझॉलचा तो गोडसर वास त्याखाली आहे की नाही, काही समजेना, म्हणून पुन्हा हुंगलं.

मामांचा चेहरा लाल झाला. “पावनं, माझं त्वांड हुंगताय व्हय?”

चेहरा लाल! हे तर लक्षणच. मी विचारलं, डोकं गरगरतंय का, हलकं हलकं वाटतंय का, उगीच हसू येतंय का? पाटलांनीही आता नाक जरा पुढं केलं. कर्तव्यच होतं त्यांचं. मामांनी त्यांच्याकडे असं बघितलं की पाटील पुन्हा मागे टेकले. तोवर शेजारपाजारची चार माणसं कुंपणाशी गोळा झाली होती, आणि मामा बाटली पितात ही बातमी वेशीपर्यंत गेली असणार.

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. सखाराम, टेबल, बेंझॉल, लॉरीचा खोकला. पेट्रोलमध्ये घालायचं जहर मी सासऱ्याला पाठवलं आणि बायकोनं ते वाटीत ओतून दिलं. सुमन दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

मामांनी एकवार तिच्याकडे बघितलं, एकवार माझ्याकडे. “मला काय झालं न्हाई,” ते म्हणाले.

झालं! मिस्त्रींचे शब्द. माणूस म्हणतो मला काही झालेलं नाही. मी ओरडलो, नशा चढतेय, यांना आडवं करा. मामा म्हणाले, मी चांगला हाय. मी म्हटलं, बघा, दुसऱ्यांदा म्हणाले. ते चिडले तर मी लोकांना सांगितलं की आता राग येतोय. ते गप्प बसले तर म्हटलं, वाचा बसली. त्यांना सुटायला वाटच ठेवली नाही मी.

मामी मिठाचं पाणी घेऊन आल्या, ओकारी काढू म्हणाल्या. मी तांब्या हातातून हिसकावला. ओकारी नाही, काही झालं तरी ओकारी नाही! मामींना वाटलं, या माणसानं आधी चूल विझवली, आता नवऱ्याला मारतोय. त्यांनी जो हंबरडा फोडला तो अजून माझ्या कानात आहे. पाटलांनी तेवढ्यात शहाणपणानं बैलगाडी जुंपायला सांगितली, चिंचवडच्या डॉक्टरांकडे न्यायला.

गाडीत कडबा अंथरला, त्यावर घोंगडी. चौघांनी मामांना उचललं. एवढा मोठा माणूस, पण आता विरोध करीना. नजर चुकवत होता. मला वाटलं, शेवट जवळ आला. मी त्यांचे पाय धरले आणि कपाळ त्यावर टेकलं. म्हटलं, “मामा, मला क्षमा करा. तुम्ही मला पोटच्या पोरासारखं वागवलंत आणि मी तुम्हाला विष पाठवलं.”

सुमन गाडीच्या दांडीला डोकं लावून रडत होती. “बाबा, मीच दिलं हो. माझ्या हातानं दिलं.”

गाडी हलणार इतक्यात मामा उठून बसले. गाडीवानाला हातानं थांब म्हणाले. घोंगडी बाजूला केली. चारी बाजूंनी माणसं, मामी समोर उभ्या. मामांनी घसा खाकरला. इतका मोठा माणूस, पण मास्तरांसमोर उभ्या केलेल्या पोरासारखा दिसायला लागला.

“रडू नगंस, पोरी. म्या घ्येतलंच न्हाई त्ये.”

“अहो, वाटी रिकामी करून दिलीत की माझ्या हातात!”

“वाटी घेऊन मागं उकिरड्याकडं ग्येलो नि वतली. आज वतल्याव कोंबड्या उठून पळाल्या, तवा जरा नवल वाटलं.”

मी त्यांचे पाय सोडलेच नाहीत. आनंदानं वेडा व्हायचा बाकी होतो. ओतली! वाचले! देवा, तुझे उपकार! मी म्हटलं, मामा, तुम्हाला वासावरूनच कळलं ना? तुमची केवढी ही जाण, किती वेळेवर ओळखलंत!

मामा घोंगडीची दशी ओढत बसले.

मामींचा हंबरडा मघाशीच थांबला होता. त्यांचा आवाज आता अगदी वेगळा होता. “वासावरून म्हंजी आज ओळखलं. आन मग परवा? त्येच्या आदी? म्या तर रोज वाटी रिकामी बगत्ये.”

मामांनी खाली मान घातली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आजचा डोस नाही, परवाचा नाही, आठवड्याआधीचा नाही. मी दवाखान्यात रांगेत उभा राहून आणलेली, धक्के न लागू देता पाठवलेली, एकूण एक बाटली त्या उकिरड्यावर गेली होती. पोरीला वाईट वाटू नये म्हणून मामा खाचेखाचेनं बाटली रिकामी करत आले होते. खोकला का जात नव्हता, ते आता गावाला कळलं.

मी विचारलं, “पण का, मामा?”

मामांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत खरंच माया होती.

“पावनं, राग मानू नगा. दिवाळीला तुमास्नी कोथमीर आणाया धाडलं, तुमी मेथी आणली. बैलाची दावी सांगितली, तुमी म्हशीची आणली. तुमी आणल्यालं औशिद म्या तोंडाला लावीन का?”

कुंपणाशी कुणीतरी फसकन हसलं. मग सगळेच. पाटलांनी उपरणं तोंडावर धरलं. बैलगाडीच्या दांडीला टेकून रडणारी माझी बायको, डोळ्यांत पाणी तसंच, हसत होती. मामी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या मामांना घेऊन घरात गेल्या आणि आतून बराच वेळ त्यांचा एकटीचाच आवाज येत होता.

सांगा आता, मी काय करायचं? हसायचं की रडायचं? माणूस जिवंत होता, घरी म्हशी होत्या, सगळं जागच्या जागी होतं. फक्त तो वाचला तो माझ्यावर काडीचाही भरवसा नसल्यामुळे. थोडाजरी विश्वास टाकला असता तर त्या दुपारी आम्ही गाडीतून डॉक्टरकडे नव्हे, इंद्रायणीच्या घाटाकडे निघालो असतो.

बेंझॉल मी त्याच संध्याकाळी गॅरेजात परत नेलं, डब्यात ओतलं आणि ती बाटली दगडानं फोडली. गणपत मिस्त्री गावाहून आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पत्र्याचं लांब दांड्याचं माप बनवून लाल रंगात बुडवलं आणि माझ्या हातात दिलं. औषध हा शब्द त्या दिवसापासून गॅरेजात बंद झाला.

आठवड्यानं सुमनला न्यायला गेलो. मामांनी चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला. खोकला जरा हटला होता म्हणे. मामी आता मिक्श्चर समोर उभं राहून पाजत होत्या, आणि ते चिंचवडहून पाटील आणून देत होते.

घरी आलो तर सुमन कपाळ दाबून बसली. उन्हातून आल्यानं डोकं फार दुखतंय म्हणाली. मी लगेच चपला घातल्या. म्हटलं, बस तू, मी धावत जाऊन दवाखान्यातून गोळी आणतो.

तिनं माझ्या पायातल्या चपलांकडे बघितलं.

“दुखू दे,” ती म्हणाली.